आधीं पाहावें, मग नांव द्यावें

परीक्षा जवळ आली कीं घरोघरीं रात्रीं उशिरापर्यंत दिवे जळूं लागतात. गेल्या वर्षीं आमच्या घरीं एकाच मेजावर दोन अगदीं निराळ्या परीक्षांचा अभ्यास चालला होता. माझी भाची परिचारिकेच्या अभ्यासक्रमांतील बालरुग्ण-परिचर्या हा विषय घेऊन बसली होती. समोर माझा मुलगा मराठीच्या पदवीसाठीं गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकाचें रसग्रहण करीत होता. या दोहोंचा संबंध काय, असें कोणालाही वाटावें. परंतु चाचणी-परीक्षेंत दोघांचेही गुण गेले, आणि ते एकाच चुकीमुळें गेले.

भाचीला प्रात्यक्षिकांत दहा महिन्यांच्या बालकाचे श्वास मोजावयास सांगितले होते. श्वास जलद केव्हां म्हणावा, याचे जागतिक आरोग्य संघटनेचे आंकडे तिला मुखोद्गत होते. दोन महिन्यांच्या आंतील बालकास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आंत ५० किंवा अधिक, पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. तिची मोजणी ५० च्या वर गेली, आणि ‘श्वास जलद’ असें लिहून ती मोकळी झाली. परीक्षक बाईंनीं एवढेंच विचारलें, “बाळ रडत होतें ना?” रडणाऱ्या बाळाचा श्वास वेगानें चालायचाच. तो मोजावयाचा बाळ शांत असतांना, आणि पुरतें एक मिनिट.

चिरंजीवांची गत तीच. ‘सिंधूच्या चित्रणांत करुणरसाचा परिपोष झाला आहे,’ हें मार्गदर्शक पुस्तकांतलें वाक्य त्यानें जसेंच्या तसें उतरविलें. प्राध्यापकांनीं समासांत एकच शब्द लिहिला: “कशावरून?” भरतमुनींनीं विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगानें रसनिष्पत्ति होते असें सांगितलें. अनुभाव म्हणजे अंतरींच्या भावाचीं बाहेर उमटणारीं चिन्हें. सिंधू पोटासाठीं दळण दळते, आणि मरणाच्या दारींही पतीचा अपराध झांकते. हें न पाहतां ‘करुण’ म्हणणें म्हणजे रोग्यास न तपासतां रोगाचें नांव सांगणें होय.

ही खोड आपल्याच मुलांची आहे असें नव्हे. केंब्रिज येथें आय. ए. रिचर्ड्स यांनीं कवींचीं नांवें न सांगतां विद्यार्थ्यांपुढें कविता ठेवल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय मागविले. १९२९ सालीं ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथांत त्यांनीं ते तपासले, तेव्हां चांगल्या शिकलेल्या मंडळींनींही साधा शब्दार्थ चुकविलेला आणि ठराविक भावनांचीं उसनीं मतें मांडलेलीं आढळलीं.

तान्हें बाळ कोठें दुखतें तें सांगत नाहीं. नाटककारही आपलें सारें मनोगत उघड करीत नाहीं. दोन्हींकडे चिन्हांवरूनच आंत शिरावें लागतें. म्हणून मीं दोघांच्या वह्यांत तीन रकाने आंखून दिले: काय दिसलें, त्याचा अर्थ काय, आणि दुसरा अर्थ संभवतो काय. पहिला रकाना भरल्यावांचून दुसऱ्यास हात लावावयाचा नाहीं, हा नियम. प्रथम दोघेही कुरकुरले. पाठांतर त्याहून सोपें असतें!

त्या नियमाची कसोटी परीक्षेच्या आधींच लागली. शेजारचें आठ महिन्यांचें बाळ निजलेलें होतें. त्याची आई म्हणाली, “थोडी सर्दी आहे, पण झोप शांत लागली आहे.” भाचीनें बाळास न जागवितां झबलें हळूच वर सारलें, घड्याळ पुढें धरलें आणि श्वास मोजले. ५८ भरले. पुन्हां मोजले, ५७. प्रत्येक श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आंत ओढला जात होता. माझा मुलगा घाईनें म्हणाला, “ताई, काय झालें आहे याला?” ती म्हणाली, “नांव डॉक्टर सांगतील. मला दिसलें तें हें असें आहे. आतांच न्यावयास हवें.” बाळास न्युमोनिया झाला होता. वेळेवर उपचार मिळाले, आणि कांहीं दिवसांनीं तें हंसत घरीं आलें.

पुढें दोघेही उत्तीर्ण झाले. पण त्या रात्रीं माझा मुलगा वही उघडून ‘एकच प्याला’ पहिल्या अंकापासून पुन्हां वाचावयास बसला, याचें मला अधिक समाधान वाटलें.

आपल्या घरींही कोणी अभ्यासास बसलें असेल. रात्रीं दुधाचा पेला पुढें ठेवतांना ‘किती पाठ झालें?’ असें आपण नेहमींच विचारतों. आज एकवार ‘काय पाहिलेंस?’ असें विचारून पाहावें.