पाठीमागचा मायदेश
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनातील भाषण)



सरकारी कामानिमित्त आम्ही सहकुटुंब तीन वर्षे मॉरिशसला होतो. समुद्रकाठी घर मिळाले म्हणून आम्ही रत्नागिरीकर हरखलो. पण त्या समुद्राला गाज नव्हती. प्रवाळाची भिंत लाटांना दूरच अडविते, काठाशी पाणी तळ्यासारखे निपचित. पश्चिम किनाऱ्यावरचा सूर्यास्त मात्र थेट घरचा. फक्त मायदेश पाठीमागे! श्रावणात तेथे हिवाळा. बाजारात ढोलपुरी दिसताच मुले 'पुरणपोळी' म्हणून धावली; आत डाळ होती, गूळ नव्हता.

पहिल्याच वर्षी आषाढात आमच्या मातोश्री गेल्या. दूरध्वनीवर निरोप आला तेव्हा अंत्यदर्शनास पोहोचणे अशक्य होते. त्या संध्याकाळी शेजारच्या आजी येऊन बसल्या. १८३४ पासून गिरमिटिये तेथे उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. आजींचे पूर्वज त्यांतलेच, कोकणातले. आमचे क्रिओल बेताचे, त्यांचे मराठी आरतीपुरते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "गाव?" आम्ही सांगितले. त्यांच्या घरी जिल्ह्याचे नाव तेवढे उरले होते. गावाचे हरवले होते. आम्हांला निदान परतीची तारीख ठाऊक होती.

दुखवट्यामुळे त्या वर्षी आमच्याकडे गणपती नव्हता. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. आजी मुलांना आपल्या घरी घेऊन गेल्या. तिकडची झाकरी म्हणजे आपल्या जाखडीचीच बहीण. मुले मनसोक्त नाचली. रात्री परतल्यावर धाकटी म्हणाली, "बाबा, आजींना आपल्याहून जास्त आरत्या पाठ आहेत."