जुनी उपनगरे, वृद्ध वृक्ष आणि जतनाचे अर्थकारण

(व्याख्यानाचा मजकूर)



विकासाच्या चर्चेत वृक्षलागवडीचे आकडे नेहमीच पुढे असतात. किती रोपे लावली, किती क्षेत्र हरित झाले, याची नोंद ठेवली जाते. परंतु लावलेले झाड साठ-सत्तर वर्षांचे झाले म्हणजे त्याची निगा कोणी राखावयाची आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. देशातील महानगरांच्या जुन्या निवासी उपनगरांत हा प्रश्न आता तीव्र झाला आहे.

या उपनगरांचा जन्मच मोकळी हवा व सावली यांच्या गरजेतून झाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट व कोंदट वस्तीमुळे रोग फैलावतो, या जाणिवेतून १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली व पुढे दादर-माटुंगा परिसराची नियोजनबद्ध आखणी झाली. बंगळूरमध्येही १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी व मल्लेश्वरम या वसाहतींच्या विस्ताराला गती मिळाली. १९४८ मध्ये जयनगरची पायाभरणी झाली. बंगल्यांच्या आवारात आंबा, फणस, कडुनिंब लावले गेले. रस्त्यांच्या कडेला व कुंपणालगत पर्जन्यवृक्ष, गुलमोहर व सोनमोहर आले. एकाच काळात लावलेली झाडे एकाच काळात वृद्ध होतात. त्यामुळे आज संपूर्ण वसाहतींच्या वसाहती अशा वयाला पोहोचल्या आहेत, की जेथे निगेचा खर्च वाढत जातो आणि धोकाही वाढतो.

वृद्ध वृक्षाचे शरीरशास्त्र

धोरणाचा विचार करण्यापूर्वी वृक्षाचे काही गुणधर्म समजून घेणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट मुळांची. झाडाची मुळे खोलवर गेलेली असतात, ही समजूत बव्हंशी चुकीची आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात व ती पर्णसंभाराच्या घेराबाहेरही पसरतात. आवारात फरशी घातली, मोटारींसाठी काँक्रीट केले, मातीचा भराव टाकला किंवा गटारासाठी चर खणला, की प्रथम हीच मुळे गुदमरतात अथवा तुटतात. त्याचा परिणाम वर फांद्यांवर दिसावयास काही वर्षे लागतात. म्हणून झाड वाळले तेव्हाचे कारण आणि झाडाला इजा झाली तेव्हाचे कारण यांची सांगड सहसा घातली जात नाही.

दुसरी गोष्ट पोकळ खोडाची. खोडाच्या मध्यभागातील लाकूड मृतच असते. जिवंत वहनसंस्था बाहेरच्या थरांत असते. त्यामुळे ढोली पडलेले झाड मेलेले असतेच असे नाही. कोलकात्याजवळच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वटवृक्षाचे मुख्य खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. तरीही तो वृक्ष आपल्या पारंब्यांच्या आधारे आजही विस्तारतो आहे. अर्थात प्रत्येक झाडाला पारंब्या नसतात. ढोली किती मोठी आहे, बाहेरचे सशक्त लाकूड किती उरले आहे आणि खाली काय आहे, या तिन्हींचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट छाटणीची. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती नवे लाकूड वाढवून कुजका भाग आत कोंडून टाकते. फांदी जेथे खोडाला मिळते, तेथील फुगीर वलय राखून छाट घेतला तर हे काम लवकर होते. उलट शेंडाच उडविला किंवा एकाच बाजूच्या फांद्या तोडल्या, तर कुजण्यास वाट मिळते व झाडाचा तोल जातो. पावसाळ्याच्या तोंडावर घाईघाईने होणारी छाटणी अनेकदा याच प्रकारची असते. चेन्नईतील ‘वरदा’ (२०१६), कोलकात्यातील ‘अम्फान’ (२०२०) व मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलेले ‘तौक्ते’ (२०२१) या चक्रीवादळांत मोठ्या संख्येने झाडे पडली. वादळ हे तात्कालिक कारण खरे; परंतु मुळे तोडलेले आणि तोल गेलेले झाड वाऱ्यापुढे अधिकच दुर्बल असते, हे विसरता येत नाही.

खाजगी खर्च, सार्वजनिक लाभ

आता अर्थशास्त्राकडे वळू. यंत्र जुने होते तसे त्याचे मूल्य घटते. वृक्षाच्या बाबतीत दीर्घकाळपर्यंत उलट घडते: घेर वाढतो, सावली वाढते, पावसाचे पाणी अडविण्याची क्षमता वाढते, पक्ष्यांचा आसरा वाढतो. मात्र हे लाभ कुंपणाच्या आत थांबत नाहीत. सावली रस्त्यावरच्या भाजीवाल्याला मिळते, गारवा शेजाऱ्याला मिळतो. खर्च मात्र मालकाच्या वाट्याला येतो. पन्हळीत साचणारा पाला, भिंतीला जाणारे तडे, छाटणीची मजुरी आणि फांदी पडून कोणाला इजा झाली तर येणारी जबाबदारी, हे सारे त्याचे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध दांपत्याला हा भार सहज पेलणारा नसतो. अर्थशास्त्रात यालाच ‘धनात्मक बाह्यता’ म्हणतात. जेथे लाभ अनेकांचा व खर्च एकाचा असतो, तेथे त्या वस्तूचा अथवा सेवेचा पुरवठा समाजाच्या गरजेपेक्षा कमी राहतो. वृद्ध वृक्षांची उपेक्षा हे त्याचेच उदाहरण होय.

पुनर्विकासामुळे या प्रश्नाला धार आली आहे. जमिनीचे भाव चढले, की बंगल्याच्या जागी बहुमजली इमारत उभी करण्याचा मोह स्वाभाविक असतो. अशा वेळी आवारातील जुने झाड ही मालमत्ता न राहता अडचण ठरते.

कायदा काय सांगतो?

कर्नाटकात १९७६ चा, दिल्लीत १९९४ चा आणि महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. खाजगी आवारातील झाडही परवानगीविना तोडता येत नाही, हे या कायद्यांचे समान सूत्र होय. महाराष्ट्राच्या कायद्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या वृक्षाला ‘वारसा वृक्ष’ ही संज्ञा मिळाली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट हटविण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १५.७ सेंटिमीटरपर्यंत घेराच्या फांद्या विनापरवानगी छाटण्याची मुभा देणारी मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरविली.

या तरतुदी आवश्यकच आहेत. परंतु त्यांचा रोख प्रामुख्याने तोडीवर आहे, निगेवर नाही. झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. झाडाला वर्षानुवर्षे हळूहळू मरू देणे सिद्ध करणे मात्र कठीण असते. शिवाय झाड मोठे झाले की आपल्या जागेवरील हक्क आकुंचित होतो, असे मालकाला वाटू लागले तर तो नवे झाड लावण्यासच कचरतो. हे विपरीत प्रोत्साहन टाळणे ही धोरणाची खरी कसोटी आहे. साठ वर्षांच्या झाडाबद्दल साठ रोपे, हे गणित कागदावर पुरे होते. परंतु ती रोपे त्याच गल्लीत क्वचितच लागतात आणि लागली तरी तेवढी सावली मिळण्यास काही दशके जावी लागतात.

मूल्यमापनाचा प्रश्न

कलकत्ता विद्यापीठातील डॉ. टी. एम. दास यांनी १९७९ मध्ये एका मध्यम आकाराच्या वृक्षाच्या पन्नास वर्षांतील सेवांचे मूल्य सुमारे १५.७ लाख रुपये मांडले होते. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचे मूल्य वर्षाला ७४,५०० रुपये धरले. शंभर वर्षांवरील वारसा वृक्षाचे मूल्य एक कोटी रुपयांहून अधिक असू शकते, असेही नमूद केले.

या आकड्यांकडे चिकित्सक दृष्टीने पाहावयास हवे. समितीच्या रकमेत प्राणवायूच्या मूल्याचा वाटा मोठा आहे. परंतु वातावरणातील प्राणवायू ही दुर्मीळ वस्तू नव्हे, आणि मूल्य ठरते ते दुर्मीळतेवर. शहरात खरोखर दुर्मीळ आहेत त्या सावली, गारवा व पाणी मुरण्याची जागा. मूल्यमापन यांच्या आधारे झाले तर ते अधिक भक्कम ठरेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मूल्य कितीही मोठे मांडले तरी त्यातील काही अंश निगा राखणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो आकडा आकडाच राहतो. या दृष्टीने हरियाणाची ‘प्राणवायू देवता’ निवृत्तिवेतन योजना लक्षणीय आहे. २०२१ मध्ये तिची घोषणा झाली, तेव्हा ७५ वर्षांवरील झाडाच्या देखभालीसाठी वर्षाला २,५०० रुपये देण्याचे ठरले. रक्कम अल्प असली तरी तत्त्व योग्य आहे: सार्वजनिक लाभाचा खर्च अंशतः समाजाने उचलावा.

उपाययोजनांची दिशा

पहिले, वृक्षगणना केवळ संख्येपुरती न राहता वृद्ध झाडांच्या प्रकृतीची नोंद व्हावी आणि पावसाळ्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवून तपासणी व्हावी. दुसरे, जुने झाड राखणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत मिळावी व शास्त्रशुद्ध छाटणीची सेवा पालिकेने वाजवी दरात पुरवावी. तिसरे, पुनर्विकासाच्या नकाशात मुळांचे क्षेत्र आधी आखून मगच इमारतीची जागा ठरावी. चौथे, वृक्षनिगा हा कौशल्याधारित व्यवसाय मानून त्याचे प्रशिक्षण उपलब्ध व्हावे. यातून रोजगारही निर्माण होईल. पाचवे, जुने झाड उभे असतानाच त्याच्या जवळपास नवे झाड लावले जावे, म्हणजे एक पिढी जाताना दुसरी सावली देण्यास सिद्ध असेल.

काही झाडे धोकादायक झाल्यावर काढावीच लागतील. माणसाच्या जिवापुढे त्यास पर्याय नाही. परंतु कोणते झाड काढावयाचे व कोणते राखावयाचे, हा निर्णय भीतीने अथवा जमिनीच्या भावाने न होता ज्ञानाने व्हावा. रोप लावणे हे एका दिवसाचे काम आहे. वृक्ष सांभाळणे हे दोन-तीन पिढ्यांचे. नियोजनात या दुसऱ्या कामासाठी तरतूद झाली, तरच पहिल्या कामावरील खर्च सार्थकी लागेल.