कामावरची चोरी आणि आपली रीत
(संस्थेच्या कार्यक्रमात टेंभुर्णी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो ‘नोकरीतील प्रामाणिकपणा’. या विषयावर गोड बोलणे सोपे आहे. पंचशील आपण रोज म्हणतो, त्यात दुसरे शील चोरीचे आहे. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतही ‘चोरी करणार नाही’ हे आहे. एवढे सांगून मी खाली बसलो तरी तुम्ही टाळ्या वाजवाल. पण माझी सगळी नोकरी गोदामपाल म्हणून गेली. तिथे चोरी ही अशी सरळ समोर येऊन उभी राहत नाही. ती रीतीचे कपडे घालून येते. म्हणून मी आज त्याबद्दलच बोलणार आहे.

आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. ऊसतोड सुरू झाली की टेंभुर्णीच्या आसपास रस्त्याकडेला वाढ्यांच्या पेंढ्या विकायला ठेवलेल्या दिसतात. ऊस शेतकऱ्याचा, मग वाढे कोणाचे? रीतीने ते तोडणाऱ्याचे. तो आपल्या बैलांना घालतो, उरले तर विकतो. त्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण तोडीला टोळी लावतानाच दोघांनाही हे ठाऊक असते. पण तीच टोळी किंवा ट्रकवाला ‘खुशाली’ म्हणून रोख पैसे मागतो, न दिल्यास ऊस फडात वाळवत ठेवतो, त्यालाही रीतच म्हणतात! दोन्हींना एकच शब्द वापरला म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. वाढे ठरलेले आहेत, खुशाली अडवून घेतलेली आहे.

तसाच सरवा. ज्वारीची काढणी झाल्यावर रानात राहिलेली कणसे वेचायला गोरगरीब बायाबापड्या जात, आणि मालक त्यांना हटकत नसे. खळ्यावरून कोणी रिकाम्या हाताने जायचे नाही, गुऱ्हाळावर आलेल्याला रस पाजल्याशिवाय सोडायचे नाही, ही आपल्याकडची माणुसकी. ही फक्त आपलीच गोष्ट नव्हे. इंग्लंडमध्येही सरवा वेचण्याची रीत होती, आणि १७८८ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो कायदेशीर हक्क नाही असा निकाल दिला. तिथल्या सरकारी गोदीतले सुतार लाकडाच्या ढलप्या हक्काने घरी नेत. १८०१ मध्ये ती रीत बंद करून त्याऐवजी रोख भत्ता सुरू झाला. हा भत्ता लक्षात ठेवा, त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता माझी हकिगत. गोदाम कोणते ते सांगत नाही, गाव आणि माणसे कोणाची तेही सांगत नाही. ज्वारीची थप्पी लागलेली असायची. नमुन्यासाठी पोत्याला टोचतात, हमालाचा हूक लागतो, त्या छिद्रांतून दाणे गळतात आणि मातीत मिसळून मातेरे होते. झाडायला आपल्यातलीच एक मावशी होती. तिचा पगार सांगण्यासारखा नव्हता. ती झाडलोट करून मातेरे पाखडायची आणि पायली-दोन पायली ज्वारी पदरात बांधून न्यायची. माझ्या आधीच्या दोन गोदामपालांनी हे पाहिले होते, मीही पाहिले होते, कोणी बोलले नव्हते. मग नवे व्यवस्थापक आले. त्यांनी फाटकावर झडती लावली आणि पहिल्याच आठवड्यात मावशी सापडली. ती म्हणाली, “साहेब, ह्यो सरवा हाय. चोरी करायची आसती तर मी दिवसाढवळ्या फाटकातनं आले आसते व्हय?”

व्यवस्थापक पोलिसांत देतो म्हणाले. कार्यालयातला एकजण माझ्यादेखत म्हणाला, “यांची जातच तशी.” मित्रहो, त्या वाक्यामागे मोठा इतिहास आहे, आणि तो सोलापूरकरांना सांगायला नको. जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ साली झाला, पुढे अशाच कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली, आणि देशभरातून तो कायदा जायला १९५२ साल उजाडले. मला राग आला. मी मावशीच्या बाजूने उभा राहिलो, आणि त्यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

कायदाही तिच्या बाजूचा होता, हे मला नंतर वाचून कळले. १८६० च्या दंडसंहितेत चोरीच्या व्याख्येत अप्रामाणिक हेतू लागतो, आणि जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही तो लागतो. वस्तू आपल्या हक्काची आहे असे खरोखर समजून उघडपणे नेली, तर ती समजूत चुकीची असली तरी चोरी सिद्ध होत नाही. पालीतल्या अट्ठकथांतही हेच आहे. वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणे, चोरीचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि ती हलवणे, ही पाच अंगे जुळली तर शील मोडते.

पण चौकशी इथे थांबली नाही. थप्पी मोजली तेव्हा तूट मातेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. पोती पाहिली, तर खालच्या थरातल्या पोत्यांना हुकाने मुद्दाम भोके वाढवलेली. गळायचे ते गळू द्यायचे, मावशीच्या मातेऱ्यातून आपला वाटा घ्यायचा, आणि उरलेले रात्री पोत्यात भरायचे. हे करणारा हमाल माझ्या चुलतभावाचा मुलगा होता. त्याला मीच कामाला लावला होता.

त्या रात्री भावकी माझ्या घरी बसली. “आपल्या माणसाला आपणच बुडवायचं का? दादा, तुम्हीच त्याला चिकटवला, तुम्हीच सांभाळा.” एक म्हातारे मामा म्हणाले, “मावशीचा सरवा चालतो, मग ह्या पोराचा का चालत नाही?” सरवा म्हणजे सांडलेले वेचणे, आपल्या हाताने सांडून मग वेचणे नव्हे, एवढे उत्तर मला आज येते. त्या रात्री मी नुसता गप्प बसलो होतो.

सकाळी मी लेखी अहवाल दिला. मावशीने रीतीने नेले, पूर्वीच्या गोदामपालांना आणि मला माहीत होते. मुलाने पोती फाडली. दोन्ही लिहिले. मुलाचे काम गेले. माझ्या घरच्या दोन लग्नांना ती माणसे आली नाहीत, आणि त्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही.

मात्र एक चूक मी कबूल करतो. त्या चौकशीत मी बसायलाच नको होते. नात्यातला माणूस असेल तर साहेबांना पहिल्याच दिवशी लेखी सांगून बाजूला व्हावे. आपण सोडले तरी लोक म्हणतात नात्यापायी सोडले, आणि धरले तरी म्हणतात साधू म्हणवून घेण्यासाठी धरले. विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यातले काही पर्यवेक्षक होतील, काहींवर आळही येतील. दोन्हीकडून लक्षात ठेवा. चारचौघांत ओरडू नका, माल पंचांसमोर मोजा, सही घ्या. आरोप लेखी द्या किंवा लेखी मागा. स्थायी आदेशांचा कायदा १९४६ चा. निलंबनात पहिले नव्वद दिवस निम्मा निर्वाहभत्ता देण्याची तरतूद त्यात नंतर आली, ती नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराचे म्हणणे ऐकावे लागते, हे १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे. आणि फाटकावर झडती असेल तर ती साहेबाच्या डब्याचीही असली पाहिजे. आमच्याकडे पूर्ण पोती टेम्पोतून गेल्याची कुजबुज होती. टेम्पोची झडती कधी झाली नाही.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी नोकराचे एक कर्तव्य सांगितले आहे ते म्हणजे दिले तेवढेच घेणे. हे आम्हाला सगळे ऐकवतात. पण त्याच सुत्तात मालकाची कर्तव्ये आधी येतात. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात पाहावे, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. जिथे काय दिले हेच ठरलेले नाही, तिथे दिले तेवढेच घे म्हणजे नेमके किती घे?

हे दुखणे आपल्या वाडवडिलांचे आहे. महार वतनात गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी, आणि मोबदला म्हणून बलुते. ते कोण किती घालील याचा भरवसा नाही; खळ्यावर उभे राहायचे, दिले तर उपकार, मागितले तर भिकारी, उचलले तर चोर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याची मागणी होती. बलुत्याचे दोन घास वाढवून मागणे त्यांना सोपे होते, पण त्यांनी रोख आणि ठरलेले मागितले. विधेयक मंजूर झाले नाही. वतन १९५८ च्या कायद्याने गेले.

मावशीचे पुढे काय झाले? तिच्यावरचा गुन्हा टळला. दर शनिवारी मातेरे तोलून, चिठ्ठी करून तिला द्यावे असे ठरले. मला वाटले, जिंकलो. वर्षभराने नवा ठराव झाला की मातेरे कोंबड्यांच्या खाद्यासाठी विकावे, आणि चिठ्ठी बंद झाली. पगार होता तेवढाच राहिला. इंग्लंडातल्या सुतारांना ढलप्यांऐवजी भत्ता तरी मिळाला होता. ठराव होत होता त्या दिवशी मी त्याच इमारतीत होतो, आणि मातेऱ्याऐवजी पगार वाढवून द्या एवढे एक वाक्य मला सुचले नाही. बाबासाहेबांचे ते भाषण मी निवृत्तीनंतर वाचले.

मावशी आता नाहीत. त्यांची नात इथेच शिकते आहे, कदाचित समोर बसलीही असेल. तो मुलगा पुण्याच्या रस्त्याला गाडी चालवतो, परवा बसस्थानकावर भेटला, “तात्या, च्या घ्या” म्हणाला. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावरून आमची थोडी ओढाताण झाली, शेवटी त्यानेच दिले.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. कोणाला काही विचारायचे असेल तर मी थांबलो आहे. जय भीम.