पाळणाघराचं दार

(छत्रपती संभाजीनगर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय 'बालसंगोपन : काल, आज आणि उद्या' असा छापलाय. कालचं तुम्हाला ठाऊक आहे. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, कोसबाडची टेकडी, १९७५ सालची अंगणवाडी, हे या सभागृहाला पुन्हा सांगायला नको. उद्याचं पुढच्या वर्षीच्या वक्त्यांसाठी राहू द्या. (हशा) मी आजचं बोलणार, आणि त्यातलंही एकच. पाळणाघराचं दार.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या पाळणाघरात आईबापाला दिवसभरात केव्हाही, न कळवता, मूल असेल त्या खोलीपर्यंत जाता येत नाही, ते पाळणाघर चालू देता कामा नये.

आपल्या शहरात वडापावची गाडी लावायची तरी अन्न परवान्यासाठी नोंदणी करावी लागते. पण फ्लॅटच्या हॉलमध्ये वीस लेकरं सांभाळायला घ्यायची असतील, तर दारावर पाटी लावली की काम झालं. खासगी पाळणाघरांसाठी आपल्या राज्यात वेगळा कायदा नाही. जे कायदे आहेत ते मोठ्या आस्थापनांसाठी. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर सक्तीचं केलं. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी पाळणाघराची सोय करायला सांगितली. त्या दुरुस्तीत एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याचा हक्क. चार वेळा! दूध पाजायला जा, नुसतं बघायला जा. आईनं मध्येच येऊन जाणं हा नियमाचाच भाग आहे, हे संसदेनं मान्य केलं.

आता वाळूजला चला. वीस-पंचवीस जणांच्या जॉबवर्कच्या शेडमध्ये काम करणारी बाई या कायद्यात बसत नाही. गुलमंडीत कपड्यांच्या दुकानात उभी राहणारी मुलगी बसत नाही. त्यांची लेकरं बजाजनगरात, मुकुंदवाडीत, पुंडलिकनगरात, कुणा ताईंच्या घरी असतात. मातृत्व कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी केंद्रानं २०१८ मध्ये किमान निकष काढले. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी, मोठ्या वीस मुलांमागे एक, कामाला ठेवण्याआधी पोलीस पडताळणी. चांगले निकष आहेत. या ताईंच्या घराला ते लागू नाहीत.

"कॅमेरे बसवा की," हे मला प्रत्येक सभेत ऐकवलं जातं. खारघरला, नोव्हेंबर २०१६ मध्ये, पाळणाघरात कॅमेरा होता. दहा महिन्यांच्या मुलीला सांभाळणारी बाई मारत होती, आपटत होती, आणि कॅमेरा ते इमानेइतबारे टिपत होता. मुलीला लागलेलं दिसलं, तेव्हा कुठे ते चित्रण उघडून पाहिलं गेलं. मग सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्या मुलीला त्याचा काय उपयोग झाला? बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला. तिथे तर आधीच्या पंधरा दिवसांचं चित्रण गायब असल्याचं खुद्द शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. कॅमेरा नको असं मी म्हणत नाही. पण कॅमेरा नंतर बघायचा असतो. न सांगता आलेली आई त्याच क्षणी बघते. आणि ती केव्हाही येऊ शकते हे माहीत असलं, की सांभाळणारीचा हात उचलला जाण्याआधी थबकतो. माझ्या नोकरीची सगळी वर्षं अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षणात गेली. भेटीची तारीख कळवून गेलेली अंगणवाडी आणि न कळवता गेलेली अंगणवाडी, यांतला फरक मी पाहिलाय.

तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून नकारार्थी मान हलवताहेत. तुम्ही पाळणाघर चालवता ना? वाटलंच. (हशा) ताई, तुमच्यावर आरोप नाही. आई मध्येच आली की लेकरू भोकांड पसरतं, त्याचं बघून बाकीची रडतात, झोपवलेली उठतात, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण आई रोज येते आणि पुन्हा जाते, संध्याकाळी घ्यायलाही येते, हे लेकराला हळूहळू उमगतं. रडण्याचा त्रास काही आठवड्यांचा आहे. बंद दाराचा धोका रोजचा आहे.

आणि दार बंद म्हणजे कसं बंद, तेही सांगते. सिडकोत एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी एका ओळखीच्या मुलीबरोबर गेले होते. तिची पहिली पाळी संपलेली, अंगावर कंपनीचा गणवेश तसाच. वर लोखंडी ग्रिल, ग्रिलला बाहेरून कुलूप. आत लहान-मोठी अकरा लेकरं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला सोळा-सतरा वर्षांची पोरगी. किल्ली कुठंय? "ताईंकडे. ताई दळण आणायला गेल्यात." हिचं लेकरू ग्रिलच्या गजांना धरून उभं, ही बाहेरून त्याचं नाक पुसतेय. ग्रिलच्या आतल्या बाजूला, दारालगतच, शेगडी आणि सिलिंडर. खाली जिन्यात गाड्या लावलेल्या. मी त्या पोरीला विचारलं, आग लागली तर काय करशील? ती म्हणाली, ताईंना फोन करीन. तिच्याकडे फोन होता, त्यात बॅलन्स नव्हता.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. ३ एप्रिल २०२४ ची पहाट या शहरानं पाहिली आहे. छावणीत दाणाबाजारात खाली शिवणकामाचं दुकान पेटलं आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातली सात माणसं धुरात गेली. त्यांत लहान मुलं होती. खाली आग, वर माणसं. या शहरातल्या कितीतरी पाळणाघरांची रचना अशीच आहे.

मेक्सिकोत एर्मोसियो नावाचं शहर आहे. ५ जून २००९. एका जुन्या गोदामाचं पाळणाघर केलेलं, भिंतीला भिंत लावून सरकारी गोदाम. आग लागली ती त्या गोदामात, दुपारी, लेकरांच्या झोपेच्या वेळी. धूर वरच्या छतातून इकडे आला. बाहेर पडायला पुरेशी दारं नव्हती. एका माणसानं आपली मालाची गाडी भिंतीवर घातली, मागे घेतली, पुन्हा घातली, भगदाडं पाडली आणि त्यांतून लेकरं बाहेर काढली. एकोणपन्नास मुलं गेली. पुढे त्यांचे आईबाप महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरत राहिले, आणि २०११ साली तिथे देशभरच्या पाळणाघरांसाठी कायदा झाला. लोक त्याला त्या तारखेच्या नावानं ओळखतात, पाच जूनचा कायदा. आपल्याकडे भंडाऱ्याला, जानेवारी २०२१ मध्ये, जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळं गेली तेव्हा...

संयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे बरंच सोडावं लागणार.

भराभर सांगते. लेकरू पाळणाघरातून आल्यावर रोजच पेंगुळलेलं असेल, हाक मारली तरी डोळे उघडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि पाळणाघरात कोणतं औषध देतात ते विचारा. सर्दी-खोकल्याच्या औषधानं मुलं झोपतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानं बंधनकारक आहे. संस्थाचालकानं दडवलं तर त्याला तुरुंगवास होऊ शकतो. 'संस्थेचं नाव खराब होईल' ही सबब कायद्यात नाही. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा, चाइल्डलाइनचा, १०९८ हा क्रमांक आत्ता मोबाइलमध्ये साठवून घ्या. मी थांबते, घ्या.

आणि फी. ताई, हे तुमच्या बाजूनं बोलतेय. दहा लेकरांमागे एक बाई ठेवायची, तिला धड पगार द्यायचा, तर फी वाढणार. ती एकट्या आईच्या पगारातून निघायची नाही. वाळूजच्या कारखानदारांनी, महापालिकेनं, सरकारनं वाटा उचलायला हवा. नुसते निकष लादले तर चांगली पाळणाघरं बंद पडतील आणि कुलूपवाली चालू राहतील. म्हणून नोंदणी सोपी ठेवा, फुकट ठेवा, पण सक्तीची ठेवा.

बाहेर टेबलावर महापालिका आयुक्तांच्या नावचा अर्ज आहे. मागण्या तीनच: प्रत्येक पाळणाघराची नोंद, आतून उघडणारी बाहेर जायची दुसरी वाट, आणि आईबापाला केव्हाही प्रवेश, तोही दारावर मराठीत लिहिलेला. सही करताना पूर्ण पत्ता आणि प्रभाग लिहा, म्हणजे कुठल्या प्रभागातून किती जण मागताहेत ते आयुक्तांना दिसेल. तिसऱ्या रांगेतल्या ताईंनी पहिली सही करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे. (टाळ्या)