पैनगंगा : माझ्या उत्तरातली एक दुरुस्ती
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि ‘तुझ्या क्षेत्राविषयी काहीतरी बोल’ असं सांगितलं आहे. माझं क्षेत्र संगणकाचं. गेली काही वर्षं मी नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. पण आज मी कंपनीतलं काही सांगणार नाही. नववीत भूगोलाच्या तासाला मी एक उत्तर दिलं होतं, त्याची दुरुस्ती करायला उभी आहे.

सरांनी त्या दिवशी पैनगंगेचा प्रवाह विचारला होता. मी घडाघडा सांगितला. शेवटच्या बाकावरून आपली इस्लापूरकडची मैत्रीण उठली. ती वसतिगृहात राहायची, सुट्टी लागली की मुदखेडवरून जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीनं गावी जायची. ती म्हणाली, “सर, आमच्याकडं उन्हाळ्यात नदी नसती.” सगळा वर्ग हसला. मी तर उभं राहून म्हणाले, “नकाशात निळी रेघ कुठंच तुटलेली नाही!” पुढे परीक्षेत तिनं तेच लिहिलं, तिला अर्धे गुण मिळाले. मला पूर्ण मिळाले. ते गुण मी आज परत करते आहे.

झालं असं, की मागच्या वर्षी माझ्या मुलीला शाळेत ‘आपल्या भागातली नदी’ असा प्रकल्प मिळाला. पुण्यात वाढलेली मुलगी, तिनं मला विचारलं, “आई, तुझी नदी कोणती?” गोदावरी म्हणणं सोपं होतं. मी पैनगंगा म्हणाले. जंगलातून जाणारी आपल्या जिल्ह्यातली मोठी नदी तीच.

फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या एका अंतराळयानानं अकरा दिवस फिरून रडारनं पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली होती. ती माहिती आता कुणालाही मोफत मिळते. त्यात जमिनीचे साधारण तीस मीटरचे चौकोन केलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाची उंची दिलेली असते. नदी शोधायची रीत अगदी साधी आहे. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी. त्यातला जो सगळ्यात उताराचा, त्याच्याकडे पाणी जाणार. हे लाखो चौकोनांना विचारत गेलं की नदी आपोआप उमटते. शेतात पहिल्या पावसाचं पाणी बांधाच्या कडेनं वाट काढतं, तसंच.

आम्ही मायलेकींनी प्रोग्रॅम चालवला आणि रेघ उमटू लागली. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुरुवात. तिथून आग्नेयेला, वाशीम जिल्ह्यातून खाली. मग एका बाजूला हिंगोली, एका बाजूला यवतमाळ. इसापूरला धरणाचा मोठा सपाट तुकडा. पुढे हिंगोलीकडून कयाधू येऊन मिळते. मग नांदेड आणि यवतमाळ यांची हद्द धरून सहस्रकुंड. तिथं काळ्या खडकावर नदी अनेक धारांत फुटते. अलीकडे आपलं इस्लापूर, पलीकडे उमरखेड तालुक्यातलं मुरली. पुढे किनवट. तिथून नदी चक्क उत्तरेकडे वळते, माहूरच्या दिशेनं वर सरकते, पूस नदीला पोटात घेते आणि पुन्हा पूर्वेला निघते. या मोठ्या वळणाच्या कुशीत सागाचं जंगल आहे, पैनगंगा अभयारण्य. त्याला तीन बाजूंनी नदीच आहे. नंतर उनकेश्वराचे गरम पाण्याचे झरे, मग तेलंगणाची हद्द, आणि शेवटी चंद्रपूरच्या बाजूला वर्धा नदी. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते.

म्हणजे बघा, पैनगंगा शेवटी गोदावरीलाच जाते, पण नांदेडला कितीतरी मागे टाकून. जमिनीच्या उताराप्रमाणे पैनगंगेचा एक थेंबही नांदेडच्या घाटावर येत नाही.

रेघ पूर्ण झाली तेव्हा मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी मात्र गप्प बसले. ही तर माझीच नववीतली रेघ होती, सलग, कुठंही न तुटलेली. प्रोग्रॅमला फक्त उतार कळतो. पाणी आहे की नाही, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

मग मी उपग्रहाची चित्रं उघडली. सेंटिनेल नावाचे युरोपचे उपग्रह दर काही दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि दहा मीटरपर्यंतचं बारीक दिसतं. पाण्याला वेगळा रंग देऊन मे महिन्याची चित्रं पाहिली. इसापूरच्या खाली नदीचे तुकडे तुकडे दिसले. एखादा डोह, मग वाळू, मग खडक, मग पुन्हा एखादं डबकं. सहस्रकुंडाचा नुसता काळा खडक. आपली मैत्रीण बरोबर होती.

मग हे पाणी जातं कुठं? काही अंशी हे आपल्या जमिनीचंच वागणं आहे. काळा बेसाल्ट खडक पावसाचं पाणी फार धरून ठेवत नाही, म्हणून मराठवाड्यातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यानंतर बारीक होतात. पण दुसरा भाग माणसाचा आहे. इसापूर धरणात सुमारे 964 दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा मावतो. त्याचा उजवा कालवा कळमनुरी, हदगाव, अर्धापूरकडे येतो, डावा उमरखेडकडे. अर्धापूरची केळी या पाण्यावर पिकते. आणि टंचाईच्या उन्हाळ्यात हेच पाणी कालव्यातून आसना नदीत सोडतात, ते सांगवीच्या बंधाऱ्यात येतं आणि नांदेड शहर ते पितं. उतारानं कधीच न येणारं पैनगंगेचं पाणी कालव्यानं डोंगरधार ओलांडून आपल्या माठात आलं.

मी कालव्याच्या विरोधात बोलत नाहीये. ते पाणी नसतं तर नांदेडच्या उत्तर भागात आपण काय प्यालो असतो? पाण्यावाचून शहराचं काय होतं ते मी ओळखते. दहावीनंतर अकरावी-बारावीला मी लातूरला होते, आपल्यातले बरेच जण होते. मांजरा नदीचंही असंच आहे. नकाशात ती बीडच्या पाटोद्याकडून निघून लातूर, बीदर करत, पुढे उलटी उत्तरेला वळून कंदकुर्तीला गोदावरीत जाते, अखंड रेघ. पण 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आणावं लागलं. तेव्हाही नकाशावर मांजरा निळीच होती.

मला बोचलं ते वेगळंच. शहरात आम्ही पाणी कमी आलं की नगरपालिकेला फोन करतो, पेपरात बातमी येते. पात्राकाठच्या गावांची ओरड मात्र ‘नदीत पाणी सोडा’ अशी दर उन्हाळ्यात होते आणि आपण ती पान उलटून पुढे जातो. का? कारण आपल्या डोक्यात ती निळी रेघ आहे. नदी आहे म्हटल्यावर पाणी असणारच.

मी मैत्रिणीला फोन लावला. तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, “तू बरोबर होतीस.” ती हसली. म्हणाली, “अगं, त्यात बरोबर काय अन् चूक काय! आम्ही वाळूत झिरे उकरून पाणी भरत होतो. आजी सांगायची, तिच्या काळी गावाखालचा डोह उन्हाळाभर आटत नसे. तू एकदा सुट्टीत आली असतीस, तर दिसलंच असतं.” आणि मग म्हणाली, “केळी मात्र तुम्ही गोड खाल्ली.”

ती आज इथं तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं नाव घेणार नाही, ती लाजेल. पण तुम्ही सगळे ओळखता.

आता एक मागणी. आपण सगळे मिळून शाळेला भेट देणार आहोत, प्रोजेक्टर की कूलर यावर चर्चा चालू आहे. मी सुचवते, भूगोलाच्या वर्गासाठी पैनगंगेचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा करू. उताराची रेघ मी काढून देते, प्रोग्रॅम तयारच आहे. त्याखाली बारा महिन्यांचे बारा रकाने ठेवू. वसतिगृहात आजही हिमायतनगर, किनवट, माहूरकडची मुलं-मुली आहेत. दर सुट्टीनंतर त्यांनी आपापल्या गावापुढे लिहायचं : या महिन्यात नदी वाहत होती, डबकी होती, की कोरडी होती. उपग्रहाचं चित्र मी शेजारी लावीन. दोन्ही जुळलं नाही, तर आधी गावी जाऊन पाहायचं.

पाच-दहा वर्षांत शाळेकडे असा तक्ता जमा होईल, की पाणी वाटपाच्या बैठकीत कुणी मांडला तर तो नुसती ओरड ठरणार नाही.

आणि सर, एक विनंती. पुढे एखाद्या मुलीनं वर्गात उठून सांगितलं, की आमच्याकडं उन्हाळ्यात नदी नसते, तर तिला पूर्ण गुण द्या.