भजनाची चाळणी
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. पेरणी अर्धी टाकून, कोणी उसनवारी करून, कोणी डोक्यावर गाठोडं घेऊन, चार पिढ्यांनी ही वाट चालवली. या दिवशी मोठ्या कीर्तनकारानं बोलावं. मी पडलो मास्तर. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं टाळ वाजवले. ज्ञानाचं सांगण्याची माझी पायरी नाही. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो, आणि त्या चुकीनं मला काय शिकवलं तेही सांगतो.

तीन वर्षांमागची गोष्ट. वारीच्या वाटेवर एका गावी शाळेत मुक्काम होता. हरिपाठ झाला, जेवणं झाली. व्हरांड्यात चार पोरं बसली होती. त्यांनी मोबाईल छोट्या स्पीकरला जोडला आणि एक अभंग लावला. गिटार, ड्रम आणि मोठा आवाज. आपले मृदंगवाले आबाजी अंग टाकून होते. ते उठून आले आणि म्हणाले, "काय लावलं रे हे? इठ्ठलाचं नाव घेऊन रायले का वरात काढून रायले?"

एक पोरगा म्हणाला, "आबाजी, अभंग तुकोबांचाच आहे ना. आयकून तर पाहा."

मी तिथंच होतो. मी म्हटलं, "आबाजी मोठे आहेत. बंद कर."

त्यानं बंद केलं. वाद नाही, भांडण नाही. पण पुढच्या वर्षी ते चौघं दिंडीत नव्हते. त्यांतला एक माझा नातू. मी त्याला विचारलं, काहून नाही आला बाबू? तो म्हणाला, "आबा, तुमाले टाळ धरायले पोट्टे पाहिजेत. आमच्या कानात काय वाजते, ते नाही पाहिजे."

मंडळी, हे मला लागलं. शंभर वर्षांची दिंडी आहे. टाळकऱ्यांच्या रांगेत आज पन्नाशीच्या खालचे किती, ते आपणच मोजून घ्या.

मग मी त्याला म्हटलं, दे तुझा मोबाईल. तू जे ऐकतोस ते मला ऐकव. एका पावसाळ्यात आम्ही दोघं रात्री ओसरीवर बसून ऐकत गेलो. काही ऐकून डोकं दुखलं. काही ऐकून डोळे भरले. फरक कशात आहे, हे शोधता शोधता मला तीन छिद्रांची एक चाळणी सापडली. ती माझी नाही. आपल्या बापजाद्यांनी भजनातच ठेवलेली आहे.

पहिलं छिद्र : शब्द ऐकू येतात का? अभंग म्हणजे संतांचा शब्द. वाजवणाऱ्यानं शब्दाला खांद्यावर घ्यायचं असतं, पायाखाली नाही.

दुसरं छिद्र : मागे म्हणता येतं का? आपल्या भजनात एक जण चरण म्हणतो आणि दोन्ही बाजूंचे टाळकरी तो उचलतात. कितीही बेसूर माणूस असो, त्याला रांगेत जागा आहे. फक्त बसून टाळ्या वाजवायला लावते, ती मैफल. चांगली असेल, पण ते भजन नाही.

तिसरं छिद्र : उठून जाताना मनात काय उरतं? गाणाऱ्याचा गळा उरला, की देव उरला?

आता या चाळणीतून काय काय पडतं आणि काय अडकतं, ते पाहू.

आधी आपल्याच घरापासून. एका गावी सप्त्यात सिनेमाच्या चालीवर भजन चाललं होतं. नाव देवाचं, चाल नाचगाण्याची. समोर बसलेल्या पोरी तोंडाला पदर लावून हसत होत्या, कारण त्यांना तो नाच आठवत होता. पेटी होती, तबला होता, गिटार एकही नव्हती. तरी ते भजन तिसऱ्या छिद्रात अडकलं. देव उरला नाही, पडदा उरला.

पण सिनेमाचं म्हणून सगळंच टाकाऊ असंही नाही. प्रभातचा "संत तुकाराम" 1936 साली आला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. त्यातला "आधी बीज एकले" हा अभंग गावोगाव म्हटला गेला, भजनाच्या वह्यांत उतरला. अनेकांनी तो तुकोबांचाच मानला. खरं तर तो शांताराम आठवले यांनी त्या सिनेमासाठी लिहिला. लोकांनी तो घरात घेतला, कारण तो चाळणीतून पडला. कुठून आला, हे कोणी विचारत बसलं नाही.

आणि नाथांनी काय केलं? सोळाव्या शतकात पैठणच्या रस्त्यावर वासुदेव येई, गोंधळी येई, जोगवा मागणारी येई, जोहार करणारा येई. नाथ ब्राह्मण, संस्कृत जाणणारे. त्यांनी या सगळ्यांची गाणी उचलली आणि त्यांत परमार्थ भरला. तीच आपली भारुडं. त्या काळच्या शिष्ट माणसाला विंचू चावल्याचं गाणं ऐकून आबाजींसारखाच राग आला असेल. आज भारुडाशिवाय आपली रात्र सरत नाही. नामदेवराय तर पंजाबात गेले. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. तिथं ती रागांत गातात, चाल वेगळी, साज वेगळा, आणि नामदेव तेच.

आपल्याच मुलखाचं बघा. यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन उभे राहिले. खंजिरी हे काही दिंडीचं वाद्य नव्हतं. भजन कधी हिंदीत, कधी मराठीत, आणि त्यात गावसफाई, दारूबंदी, व्यसनमुक्ती. पण एक ओळ त्यांनी म्हणायची आणि सगळ्या गावानं मागे म्हणायची, ही रीत तीच. 1936 साली ते सेवाग्रामला महिनाभर राहिले. गांधीजींनी त्यांची भजनं ऐकली.

सेवाग्राम तर आपल्या दारातच आहे. आपण तिथं पाहुण्यांना कुटी दाखवायला नेतो, पण सांजेच्या प्रार्थनेला कितीजण बसलो? आश्रमाची भजनावली पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीला असताना तयार केली. ते पलुस्करांचे शिष्य. त्या एका पुस्तकात आपल्या संतांचे अभंग आहेत, नरसी मेहता आहेत, मीराबाई आहेत आणि इंग्रजी ख्रिस्ती भजनंही आहेत. अंधारात वाट दाखव म्हणणारं एक भजन गांधीजींना फार आवडे. न्यूमन नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं ते 1833 साली लिहिलं. आणि 1930 साली येरवड्याच्या तुरुंगात बसून गांधीजींनी आश्रमातली भजनं मीराबेनसाठी इंग्रजीत उतरवली, त्यांत आपले तुकोबाही होते. म्हणजे वाट दोन्हीकडून चालू होती.

कोणी म्हणेल, मास्तर, आता तुम्ही आम्हाला चर्चमध्ये नेता का? नाही बाप्पा. ज्याचा देव त्याच्याजवळ, आपला विठोबा आपल्याजवळ. दुसऱ्याचं भजन कान देऊन ऐकलं म्हणून गळ्यातली माळ तुटत नाही. नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही. ख्रिस्ताचं गाणं त्यांनी अभंगात लिहिलं. आपण तर ऐकायलाच घाबरतो!

आता नातवानं ऐकवलेल्या एका प्रकाराची गोष्ट सांगतो. अमेरिकेत आफ्रिकेतून धरून नेलेले काळे लोक गुलाम होते. त्यांना राबवलं ते कुठं? पुष्कळांना कापसाच्या शेतात. माउल्यांनो, कापूस वेचणं म्हणजे काय, हे या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कमर मोडते, बोंडाच्या टोकानं बोटं फाटतात. ते लोक कामावर गात. एक जण ओळ टाकी, बाकीचे उचलत. पुढे त्यांच्या चर्चमध्ये गाण्याची हीच रीत चालली. त्यातून जे भक्तिगीत वाढलं, त्याला गॉस्पेल म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द एक कळला नाही. पण एकानं म्हणायचं, सगळ्यांनी उचलायचं, टाळी सुटायची नाही, अंग डोलायचं. मी नातवाला म्हटलं, अरे, ही तर दिंडी आहे!

त्या गाण्याचा मोठा माणूस थॉमस डॉर्सी. तो आधी ब्लूज वाजवी, म्हणजे तिकडचं बैठकीचं, दारूच्या गुत्त्यातलं संगीत. तोच ठेका घेऊन त्यानं देवाची गाणी केली, तेव्हा अनेक चर्चच्या मंडळींनी नाकं मुरडली. मग 1932 साली त्याची बायको बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यानं देवाकडे हात मागणारं गाणं लिहिलं. ते पुढे जगभर गेलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते आवडतं गाणं. 1968 साली त्यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन या बाईंनी ते गायलं. हे ऐकताना मला देहू आठवलं. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची बायको गेली, मुलगा गेला. घर रिकामं झालं आणि अभंग आला. गुत्त्यातला ठेका कुठं राहिला मग? चाळणीत अडकला तो गुत्ता. गाणं खाली पडलं.

तुम्ही म्हणाल, हे लांबचं झालं. लांबचं नाही. आपली नातवंडं शाळेत "हम होंगे कामयाब" म्हणतात. त्याचं मूळ त्याच काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यात आहे. आपण पन्नास वर्षं ते म्हणतो आहोत, आणि कोणाचा धर्म बुडाला नाही.

राहिलं ते रॉक, ज्याच्यावर आबाजी चिडले. रॉक म्हणजे विजेची गिटार, ड्रम आणि दणका. त्याची आजी चर्चमध्येच सापडते. रोझेटा थार्प नावाची बाई विजेची गिटार गळ्यात अडकवून देवाचं गाणं म्हणे. पुढच्या रॉकवाल्यांनी तिच्यापासून पुष्कळ उचललं. आपल्याकडे दिल्लीच्या इंडियन ओशन मंडळींनी केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची फार जुनी प्रार्थना "कंदिसा" नावानं गिटारवर गायली, आणि कबीरही गायला. मुंबईची अभंग रिपोस्ट नावाची पोरं संतांचे अभंग गिटार-ड्रमवर म्हणतात. त्या रात्री व्हरांड्यात त्यांचंच लागलं होतं. मी नंतर ते गाथा उघडून, शब्दाशी शब्द लावून ऐकलं. शब्द जागेवर होता. सोबत म्हणता येत होतं. पहिल्या दोन छिद्रांतून पडलं. तिसऱ्याचं ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्यापुरतं सांगतो, मला विठ्ठल आठवला.

पण रॉकमधलं सगळं पडत नाही, हेही सांगतो. एक अभंग असा ऐकला की ड्रमच्या दणक्यात चरण बुडाला, आणि गाणारा मधेच अर्धा शब्द सोडून स्वतःची तान घेत राहिला. नातू म्हणाला, "आबा, हे नाही पडलं." मी खूश झालो. चाळणी त्याच्या हाती गेली होती. आपल्याला एवढंच करायचं असतं. पोरांच्या हातचं गाणं हिसकायचं नाही, त्यांच्या हाती चाळणी द्यायची.

म्हणून विश्वस्त मंडळींपुढे आणि तुम्हा सगळ्यांपुढे माझी एक विनंती आहे. वाटेवर चालताना वीणा, टाळ, मृदंग आणि सांप्रदायिक चाल, यात काडीचा बदल नको. शंभर वर्षांची ती शिस्त आहे. पाऊल तिच्यावरच पडतं. काकडा, हरिपाठ जसा आहे तसाच राहू द्या. पण रात्रीच्या मुक्कामी, कीर्तन झाल्यावर, अर्धा तास पोरांना द्या. त्यांना जे वाजवायचं ते वाजवू द्या, आणि आपण म्हाताऱ्यांनी उठून न जाता बसायचं. आवडलं नाही तर चाळणीचं कोणतं छिद्र अडलं ते सांगायचं. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे कारण चालणार नाही.

आबाजींना मी हे सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. मागच्या वारीत चौघांपैकी दोघं परत आले, त्यांत माझा नातू. एका मुक्कामी त्यानं गिटार काढली. ठेका मृदंगाशी जुळेना. आबाजी लांब बसून ऐकत होते. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाले, "घाई करून रायला तू. मी सांगतो तसा मोज." आणि मांडीवर बोटांनी मोजून दाखवलं. त्यांना ते गाणं आवडलं, असं मी म्हणत नाही. त्यांनी पोराला मोजायला शिकवलं, एवढंच मी पाहिलं.

उरलेले दोघं अजून आलेले नाहीत. एक पुण्याला कंपनीत आहे, दुसरा घरीच कास्तकारी करतो. घरी असलेल्याकडे मी या सोहळ्याचं बोलावणं घेऊन स्वतः गेलो होतो. "पाहतो" म्हणाला. आज मंडपात नजर फिरवली, दिसला नाही. पंढरीची वाट लांब आहे. पुढच्या वर्षीच्या प्रस्थानाच्या दिवशी पुन्हा त्याच्या दारी जाईन, आणि या वेळी सांगेन, येताना तुझा स्पीकर घेऊन ये.

बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर लेकराचं समजून पदरात घ्या.

रामकृष्ण हरी!