विहीर घरची, पाणी कोणाचे?

(पोलादपूरच्या वरच्या अंगास असलेल्या एका वाडीत, शिमग्यानंतर भरलेल्या सभेपुढे केलेले भाषण)



आज आपण कीर्तनास जमलो नाही, की कोणाच्या निवडणुकीसाठी जमलो नाही. पाण्याचा विचार करावयाचा आहे. शिमगा होऊन गेला, पऱ्या आटला, आणि आता मृग लागेपर्यंत बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरावयाचा नाही. म्हणून जे सांगावयाचे ते घोळवून सांगत नाही. ज्याच्या परसात मुरमाची जमीन आहे, त्याने यंदा आपल्या हाताने उथळ विहीर खणावी, हे माझे पहिले सांगणे. दुसरे सांगणे कित्येकांस कडू लागेल. ते मागाहून.

महाड-पोलादपूर तालुक्यांत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हा आकडा मराठवाड्यातील शेतकऱ्यास सांगितला, तर आपली टंचाई त्यास खरीच वाटणार नाही. वीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद एवढे लहानसे छप्पर घ्या. त्याच्यावर एका पावसाळ्यात सुमारे नव्वद हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घरास रोज दोनशे लिटर धरले, तरी ते वर्षभर पुरून उरेल. मग हे पाणी जाते कोठे? डोंगराचा उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पाणी पऱ्यातून सावित्रीत जाते आणि सावित्री ते बाणकोटच्या खाडीत नेऊन सोडते. आपण पावसाळ्यात पुरास भितो आणि वैशाखात हंड्यासाठी भांडतो. पाणी तेच, त्यास थांबावयास जागा नाही एवढेच.

कोणी म्हणेल, आता घरोघर नळ येणार, विहिरीचे काय काम? सरकारने २०१९ साली दरडोई ५५ लिटर पाणी नळाने देण्याची योजना काढली. नळ आला तर अवश्य घ्यावा, न आला तर हक्काने मागावा. तो काही कोणाचा उपकार नव्हे. परंतु ज्या झऱ्यावर योजना बांधली तो झराच चैत्रात आटला, तर तोटी काय करील? परसातली विहीर असली तर नळाची वाट पाहताना घसा कोरडा पडत नाही.

एका माणसाच्या हाताने हे होते काय, असे विचारणाऱ्यांस मी वाशीम जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. मालेगाव तालुक्यातील कळंबेश्वर गावी बापूराव ताजणे नावाचे दलित मजूर राहतात. २०१६ सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नीस विहिरीच्या मालकाने पाणी भरू दिले नाही. ताजणे यांनी भांडण केले नाही. हत्यारे आणली आणि खणावयास लागले. मजुरीस जाण्यापूर्वी चार तास आणि मजुरीहून आल्यावर दोन तास, असा त्यांचा क्रम. लोक हसले, जवळच्या विहिरी कोरड्या पडलेल्या होत्या, त्यामुळे हसण्यास कारणही होते. सुमारे चाळीस दिवसांनी, पंधराएक फुटांवर पाणी लागले, आणि ते साऱ्या वस्तीने भरले. यात दैवाचा भाग होता हे मी नाकारीत नाही. जमिनीची परीक्षा न करता खणले तर दहांपैकी कित्येकांच्या हाती नुसता खड्डा येईल. म्हणून आधी परीक्षा करावी.

ती कोणी करावी? आपल्याकडे पाणाड्यास बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवतो, नारळ उभा राहिला की दक्षिणा घेऊन घरी जातो. पाणी लागले तर त्याची विद्या खरी, न लागले तर तुमचे नशीब खोटे! पाऊण कोकणात पावसाळ्यानंतर कोठेही खणले तरी थोडीबहुत ओल लागते, हे त्यास पक्के ठाऊक असते. मग भटजी येतात आणि विहीर ईशान्येसच हवी म्हणतात. ईशान्येस शेजाऱ्याचा संडास असला तरी चालेल काय? मुहूर्ताचेही तसेच. सहाव्या शतकातला वराहमिहिर हा तर ज्योतिषीच. पण त्यानेही भूमीतले पाणी ओळखण्यासाठी झाडे आणि वारुळे पाहावयास सांगितली आहेत. तेवढे तरी या लोकांनी वाचावे.

आपण आपल्या डोळ्यांनी पाहावे. दोन उतार जेथे मिळतात ती खळगी, जुन्या पऱ्याचा काठ, भातखाचराची खालची बाजू, उन्हाळ्यात हिरवेगार राहणारे उंबराचे झाड, सकाळी उशिरापर्यंत दमट राहणारी माती, या खुणा बोलतात. शेजारच्या विहिरींत आज पाणी किती हातांवर आहे ते दोर सोडून मोजा. तांबड्या मातीखाली मुरूम किती आणि कातळ कोठे लागतो, हे तीच विहीर सांगेल. मुरूम आणि चिरा गेलेला खडक यांतून पाणी चालते. अखंड काळ्या कातळातून चालत नाही. दहा फुटांवर असा कातळ लागला तर हट्ट करू नये. तेथे सुरुंगाचे काम येते, आणि ते परवानेवाल्या माणसाचे आहे. शंका असेल तर सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेस विचारावे. सार्वजनिक पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यावर कायद्याची बंधने आहेत, म्हणून पहार मारण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन यावे. संडास, शोषखड्डा, गोठ्याचे उकिरडे यांपासून निदान पन्नास फूट दूर आणि त्यांच्या वरच्या अंगास जागा धरावी. जेथे डोंगराची माती सुटते तेथे तर हातच लावू नये. तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी काय कोसळले ते महाड तालुक्यात कोणास सांगावयास नको.

मुहूर्त एकच, उन्हाळा. पाणी जेव्हा सर्वांत खाली असते तेव्हा जी विहीर लागते तीच बारमाही टिकते. दिवाळीत खणलेल्या विहिरीचे पाणी पाहून नारळ फोडू नका.

आता कामाचा हिशेब. आठ फूट रुंदीची गोल विहीर वीस फूट खणावयाची तर हजार घनफूट, म्हणजे दहा ब्रास माल काढावा लागतो. वजनाने तो पन्नास टनांच्या आसपास भरेल. घमेल्यात वीस किलो धरले तर अडीच हजार घमेली दोराने वर ओढावयाची. चार माणसे पाळीपाळीने राबली तर होते. एकट्याने करू नये. त्यापुढे मात्र दर फूट पाण्यास सुमारे चौदाशे लिटर साठा मिळतो. रात्रीत दोन हात पाणी पाझरून भरले तरी तीनचार घरांची सोय झाली.

पहार, टिकाव, फावडे, घमेले, जाड दोर आणि रहाट एवढीच सामग्री. गोल खणावे, गोल भिंत मातीचा दाब चांगला पेलते. काढलेला माल काठाशी ढीग करून ठेवू नये, पाच-सहा फूट लांब टाकावा, नाहीतर त्याच वजनाने काठ खचतो. वरची माती भुसभुशीत असेल तर आधी वरचे कडे बांधून घ्यावे आणि मग खाली जावे. मुरूम उभा दिसला म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. एक वळवाची सर आली की तोच मुरूम अंगावर येतो. घमेले वर जात असताना खालच्या माणसाने त्याच्याखाली उभे राहू नये. वर माणूस नसेल तर खाली कोणी उतरू नये.

आणि हवेचे भान ठेवा. जुन्या किंवा बंद विहिरीत जड वायू साठतो, त्यास रंग नाही आणि बऱ्याच वेळा वासही नाही. दिवा खाली सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरूच नये. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा निर्धोक झाली असेही नव्हे. पाणी उपसण्याचे तेलावरचे इंजिन तर विहिरीत कधीही उतरवू नये, त्याचा धूर माणूस मारतो. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे, शेणाची रबडी साठवलेल्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढावयास एक जण उतरला. त्यास काढावयास दुसरा, मग तिसरा. पाच माणसे गेली. खाली माणूस पडला तर पाठोपाठ उडी घेणे हे धैर्य नव्हे. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर आधीच बांधलेला असावा आणि त्यास वरूनच ओढून घ्यावे.

विहीर लागली की वरचे आठ-दहा फूट चुन्या-सिमेंटात पक्के बांधावे, म्हणजे वरचे घाण पाणी आत झिरपणार नाही. खालचे बांधकाम कोरडे ठेवावे, म्हणजे झरे मोकळे राहतील. तीन फुटांचा कठडा, भोवती फरशी आणि सांडपाण्यास वाट. पावसाळ्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम या मानाने ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर थांबून मग भरावे. महाडच्या कारखानदारी वसाहतीच्या आसपास असाल तर पाणी तपासून घेतल्याशिवाय तोंडास लावू नका. रसायन ब्लीचिंगने जात नाही. आणि पागोळ्यांचे पाणी विहिरीच्या वरच्या बाजूस चर काढून जमिनीत मुरू द्या. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावयास सांगितले होते, त्यास आता शंभराहून अधिक वर्षे झाली. आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, चर मात्र काढीत नाही.

आता दुसरे सांगणे.

आपण महाडच्या मुलखात पाण्याविषयी बोलतो आहो. रावबहादूर बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी आणि सार्वजनिक पैशाचे पाणवठे सर्वांस मोकळे असावेत, असा तो ठराव. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड म्युनिसिपालिटीने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर! २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक ते पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर काठ्या चालल्या, आणि मागाहून तळे शेणागोमूत्राने शुद्ध करण्यात आले. काठ्या घेऊन धावणारे केवळ ब्राह्मण नव्हते. आपल्या जातीचे, आपल्यासारखे शेतकरी त्यांत होते. हे आपल्या व्यासपीठावरून बोलावयास जड जाते, म्हणून मुद्दाम बोलतो. पुढे जेधे-जवळकरांनी सत्याग्रहास पाठिंबा दिला तो ब्राह्मणांस वगळण्याच्या अटीवर, आणि डॉ. आंबेडकरांनी ती अट मानली नाही. माझ्या मते त्यांनी केले तेच बरोबर होते. पाण्याच्या लढ्यात नवा विटाळ कशास आणावा?

परंतु मला लक्ष वेधावयाचे आहे ते कज्ज्याकडे. तळ्यावरच्या लोकांनी कोर्टात काय सांगितले? हे ‘चौधरी तळे’, खाजगी मालकीचे, म्हणून येथे कोणास येऊ द्यावे हे आम्ही ठरवू. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने ते फेटाळले. मग १९५० साली राज्यघटना आली. तिच्या १५ व्या अनुच्छेदाने सरकारी खर्चाच्या अथवा लोकांसाठी ठेवलेल्या विहिरी व तळी सर्वांस खुली केली. पण घटनेच्या त्या शब्दांत आपल्या परसातली विहीर येत नाही. तेथे मालक बोलेल ते खरे. कळंबेश्वरात हेच झाले, महाडास हेच करावयाचे होते: पाणी ‘आपले’ म्हटले की दार लावावयास मोकळे.

आणि या विहिरी खणल्या कोणी? वडाराने दगड फोडला, महाराने माती ओढली, कातकऱ्याने घमेली उचलली. तो आत उभा राहून ढोपरभर पाण्यात राबत होता तेव्हा पाणी बाटले नाही. कठडा बांधून झाला, मजुरी हाती ठेवली, आणि त्याच क्षणी तो दूर उभा राहावयाचा झाला. पोहरा वरून ओतावयाचा आणि त्याने ओंजळ धरावयाची! कित्येक शहाणे तेव्हा उपदेश करीत की अस्पृश्यांनी आपली निराळी विहीर खणून घ्यावी, तळ्यावर येण्याचा हट्ट कशास? म्हणून आज मी ‘घरची विहीर खणा’ म्हणतो तेव्हा मला भीती वाटते. तोच उपदेश नव्या तोंडाने तर होत नाही ना? प्रत्येकाची विहीर निराळी झाली आणि प्रत्येकाने झाकणास कुलूप लावले, तर चवदार तळ्यावरची भिंत आपण घरोघर बांधली असे होईल.

पुण्यास १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्यांस हौद मोकळा केला, तो घरचा हौद होता. कायद्याची जबरदस्ती नव्हती, म्युनिसिपालिटीचा ठराव नव्हता. शेजारी आणि भाऊबंद रागावले तर रागावले.

आपल्या वाडीत खाली कातकऱ्यांची पाच-सहा घरे आहेत, ओढ्यापलीकडे बौद्धवाडी आहे. त्यांच्या बायाही त्याच पऱ्यातल्या डवऱ्यावर तासनतास वाटी-वाटीने पाणी उपसतात. परवा पाटलांच्या ओटीवर कोणी म्हणाले, विहीर खणावयास त्यांना बोलावू, रोजंदारी देऊ. रोजंदारी द्याच, फुकट राबवून घेऊ नका. पण खणावयास बोलावले त्याचा दोर त्याच रहाटावर चढला पाहिजे. हे आजच, पहिली पहार मारण्यापूर्वी ठरवा. पाणी कमी पडले तर घरटी हंडे मोजून घ्या, आणि मोजणी खालच्या वाडीपासून सुरू करा. त्यांस चढण चढून यावे लागते. हंडे मोजण्याचे काम बायांकडे द्यावे. पाणी किती लागते हे पुरुषांस ठाऊक नसते. आम्ही पितो तेवढेच मोजतो.

अध्यक्षमहाराजांनी उद्या सकाळी आठ वाजता देवळामागची खळगी आणि उंबराखालची जागा, अशा दोन्ही जागा पाहावयाच्या ठरविल्या आहेत. जुन्या विहिरींची पाणीपातळी मोजण्यास लांब दोर लागेल. ज्यांच्याकडे पहार आणि टिकाव असेल त्यांनी घेऊन यावे. बौद्धवाडीस आणि कातकरवाडीस निरोप आज रात्रीच जावा. उद्या जागा ठरताना ते तेथे असले पाहिजेत.